काटा आठवर होता

बायकोने फ्रिजच्या दारावरचा तक्ता फाडून टाकला, तेव्हा मीटरसाहेबांच्या निवृत्तीला सहा महिने आणि चार दिवस झाले होते. तक्त्यात फ्रिजचे तापमान लिहिलेले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, शेजारी शेरा आणि सही. तीन महिन्यांत एकही रकाना रिकामा राहिला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात ‘दार उघडे सापडले’ असे एकोणीस वेळा लिहिले होते आणि घरात ते दार उघडणारे माणूस एकच होते.

"दूध बिघडलं की मला कळतं," बायको कागदाचे तुकडे गोळा करत म्हणाली. "वास येतो."

"वास म्हणजे काही मोजमाप नव्हे. तुझं नाक शेवटचं कधी तपासून घेतलं होतंस?"

बायकोने तुकडे कचऱ्यात टाकले, घराचे दार उघडले आणि बोटाने जिना दाखवला. "अहो, मोजायचंच असेल तर बाहेर पुष्कळ काही आहे. जेवायच्या वेळेपर्यंत तोंड दाखवू नका."

मीटरसाहेब जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पायऱ्या अठरा होत्या, त्या मोजून झाल्या. चौतीस वर्षे ते एका रसायनांच्या कारखान्यात नियंत्रण कक्ष सांभाळत होते. समोर भिंतभर गोल मीटर, प्रत्येकात एक काटा. त्यांनी नुसते "दाब वाढतोय" म्हटले की खाली वीस माणसे पळत सुटायची. आता ते घरात काहीही म्हणाले तरी कुणी पंख्याचे बटणसुद्धा दाबत नसे. निरोप समारंभात कारखान्याने त्यांना भिंतीच्या मधोमध बसवलेला मोठा मीटर भेट दिला होता. पितळी कडा, पांढरी तबकडी, शून्य ते दहा आकडे. कारखान्यात संगणकाचे नवे पडदे आले होते आणि सगळे मीटर भंगारातच जाणार होते, हे मीटरसाहेबांना ठाऊक होते. तरी ते तो घरी आणून रोज पुसत होते. उरलेल्या आयुष्यात आपला उपयोग आता एवढाच, असे त्यांचे मत झाले होते.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून अध्यक्षबाई खाली आल्या. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि गेली नऊ वर्षे इमारतीच्या अध्यक्ष होत्या. डोक्याला टॉवेल, एक डोळा मिटलेला, कानावर फेस.

"मामा कुठे आहेत?" बाईंनी उघड्या डोळ्याने विचारले. "नळाला पाणी नाही. डोळ्यात साबण गेलाय."

मामा म्हणजे इमारतीची मोटर चालवणारे गृहस्थ. वय पंचावन्नच्या आसपास, बोलणे दिवसाला सुमारे दहा वाक्ये. मोटरच्या खोलीतून एक जाड पाइप सहा मजले चढून थेट गच्चीवरच्या टाकीला लागला होता. मामा त्या पाइपवर पान्याने ठोकायचे, कान लावायचे आणि वर पाणी किती आहे ते ओळखून मोटर चालू किंवा बंद करायचे. अठरा वर्षे हे असेच चालले होते आणि कुणाला त्यात वावगे वाटले नव्हते. त्या दिवशी मात्र मामांना सर्दी झाली होती आणि कानाला दडे बसले होते.

"म्हणजे शंभर माणसांची अंघोळ एका माणसाच्या सर्दीवर अवलंबून आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मीटरसाहेब पायरीवरून उठले. सहा महिन्यांत प्रथमच त्यांचा कणा ताठ झाला.

संध्याकाळी समितीसमोर त्यांनी मीटरवरचे फडके बाजूला केले. "मोजमापाच्या कुठल्याही यंत्रणेला तीन भाग असतात," ते म्हणाले. "एक जाणणारा, एक पोचवणारा आणि एक दाखवणारा. जाणणारा म्हणजे फ्लोट, तो टाकीत तरंगेल. पाणी वर गेलं की तो वर, खाली आलं की खाली. पोचवणारी म्हणजे तार. आणि दाखवणारा हा. खाली प्रवेशद्वाराशी लावू. दहा फुटांची टाकी, दहापर्यंत आकडे. मामांच्यात हे तिन्ही भाग एकाच ठिकाणी असल्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे ते कळत नाही."

"बिघाड नाकात होता, साहेब," मामा दारातून म्हणाले. ते त्यांचे त्या दिवशीचे सातवे वाक्य असावे.

चौथ्या मजल्यावरच्या वकिलांना कशावरही चटकन विश्वास ठेवायची सवय नव्हती. "आणि चालला नाही तर?"

"महिन्याने सभा आहेच," अध्यक्षबाईंनी निकाल दिला. "तोवर पाहू. चालला तर कायमचा, नाही तर भंगारात."

भंगार हा शब्द ऐकून मीटरसाहेबांनी मीटरवर पुन्हा फडके टाकले. पण आता माघार घेणे शक्य नव्हते. घरी जाऊन तोच मीटर पुन्हा पुसत बसायचा तर बायको त्यालाही जिना दाखवणार, याची त्यांना खात्री होती.

मीटर लागला आणि पहिल्या दिवशी उत्तम चालला. लोक येता-जाता थांबून पाहत. "सात आहे," असे एकमेकांना सांगत. मीटरसाहेब खुर्ची टाकून शेजारी बसले आणि ज्याने विचारले नाही त्यालाही तीन भाग समजावून सांगू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी कामावर निघताना पाहिले, काटा चारवर होता.

आता टाकीत सकाळी चार फूट पाणी असणे ही गेल्या अठरा वर्षांतली रोजची गोष्ट होती. पण ती कुणी पाहिलेली नव्हती. ज्याने काटा पाहिला तो तसाच परत वर गेला आणि बायकोला म्हणाला, "दोन बादल्या भरून ठेव." शेजारणीने बादलीचा आवाज ऐकला आणि पिंप भरले. काटा तीनवर आला. तो पाहायला वकील स्वतः खाली उतरले आणि घाईघाईने वर जाऊन त्यांनी पातेलीसुद्धा भरली. साडेनऊला काटा शून्यावर होता, इमारतीतले प्रत्येक भांडे काठोकाठ भरले होते आणि नळ कोरडे होते.

मीटरसाहेबांनी कपाळाला हात लावला. चौतीस वर्षे ते कारखान्यात नव्याने आलेल्यांना शिकवत आले होते की, चांगले उपकरण ज्याला मोजते त्याला धक्का लावत नाही. तापमापी बुडवला म्हणून पातेल्यातला चहा गार होता कामा नये. आणि इथे तर नुसत्या काट्याने अख्खी टाकी रिकामी केली होती. तक्रार कुणाकडे करायची, हेही त्यांना कळेना, कारण यंत्र बरोबरच होते. चार असताना चार दाखवले, शून्य असताना शून्य.

अध्यक्षबाईंनी दुसऱ्या दिवशी मीटरखाली पाटी लावली: ‘काट्याकडे विनाकारण पाहू नये.’ त्यामुळे आजवर ज्यांचे मीटरकडे लक्ष गेले नव्हते तेही पाहू लागले. मामांना दिवसातून चारदा मोटर लावावी लागली. ते मीटरसाहेबांच्या खुर्चीशेजारून जाताना पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागले.

दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. काटा आठवर आला आणि तिथेच राहिला. सोमवारी आठ, मंगळवारी सकाळी आठ, संध्याकाळीही आठ. लोक खूश झाले. बादल्या पुन्हा उलट्या ठेवल्या गेल्या. मामा एकदा पाइप ठोकून आले आणि म्हणाले, "साहेब, पाणी कमी आहे वर. मोटर लावू का?"

"मामा," मीटरसाहेब समजुतीने म्हणाले, "काटा आठवर आहे."

"कान तीन म्हणतोय."

"कानाला सर्दी होते. तारेला होत नाही."

मामांनी खांदे उडवले आणि मोटर लावली नाही. बुधवारी सकाळी सात वाजता दारावर थाप पडली. अध्यक्षबाई उभ्या होत्या. डोक्याला टॉवेल, आता दोन्ही डोळे मिटलेले.

"काटा आठवर आहे," बाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "आणि मी साबणात आहे."

मीटरसाहेब सहा मजले धावत चढले. टाकीचे झाकण उघडून पाहतात तर तळाशी जेमतेम घोटाभर पाणी, आणि फ्लोटचा दांडा आतल्या लोखंडी शिडीच्या आठव्या पायरीत अडकून अधांतरी लटकलेला. हे पाहून त्यांना रडू यायचेच बाकी राहिले. ते पायजमा वर खोचून टाकीत उतरले आणि त्यांनी दांडा सोडवला. इथे दुसरा कुणीही माणूस वर आला असता. पण मीटरसाहेबांनी आयुष्यात दुरुस्तीनंतर तपासणी न करता कुठलेही उपकरण सोडले नव्हते. तपासणीचा नियम असा की शून्यापासून टोकापर्यंत न्यायचे, टोकापासून शून्यावर आणायचे, आणि हे तीनदा करायचे. शिडीवर चढउतार करत त्यांनी फ्लोट हाताने दहा फुटांवर नेला, खाली आणला, परत नेला.

खाली मीटरसमोर निम्मी इमारत जमली होती. काटा दहावर गेला. "भरली," कुणीतरी म्हणाले आणि सगळे टॉवेल घेऊन घरोघर पळाले. काटा शून्यावर आला, तसे ओरडत परत आले. पुन्हा दहा. पुन्हा शून्य.

"टाकीला उचकी लागली आहे का?" वकिलांनी विचारले.

तिसऱ्यांदा काटा शून्यावर येऊन थांबला. मीटरसाहेबांची तपासणी पूर्ण झाली होती आणि काटा आता अगदी खरे सांगत होता. अध्यक्षबाईंनी ते खरे मानले. "मामा, मोटर लावा," त्या म्हणाल्या.

मोटरचे पाणी टाकीत जिथून पडते, ते तोंड बरोबर शिडीच्या वर होते. पहिल्या लोंढ्यात मीटरसाहेबांचा चष्मा गेला. दुसऱ्यात पायजम्याची नाडी. ते शिडीला धरून ओरडले, पण तोंडात पाणी गेले आणि वरचे झाकण वाऱ्याने आपटून बंद झाले. अंधारात उभे राहून त्यांच्या मनात आले की, आपण आता अशा ठिकाणी मरणार जिथे पातळी तरी अचूक नोंदली जाईल. खाली काटा अर्धा, एक, दीड असा डौलाने चढत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतके सुरेख मोजमाप त्या मीटरने कारखान्यातही केले नसेल.

मामांनी मात्र सवयीने पाइपला कान लावला होता.

"आत कुणीतरी खोकतंय," ते म्हणाले.

"काटा व्यवस्थित चढतोय," वकील म्हणाले. "बिघडवू नका आता."

"काटा दोनवर गेला." मामांनी कान काढला नाही. "साहेब किती उंच आहेत?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी मोटर बंद केली.

मामांनीच गच्चीवर जाऊन मीटरसाहेबांना बाहेर काढले. एका हाताने त्यांनी शिडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने पायजमा. घरी बायकोने दार उघडले, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि टॉवेल पुढे केला. "मोजून झालं?" तिने विचारले.

संध्याकाळी काटा हलेनासा झाला. गच्चीवर फ्लोटला तार जोडणाऱ्या डबीत पाणी शिरले होते आणि तारांनी काय गोंधळ घातला कोण जाणे, मीटरच्या आतली काटा फिरवणारी तारेची वेटाळी जळून गेली होती. मीटरसाहेबांनी मीटर घरी आणून मागचे झाकण उघडले. त्यांनी बॅटरी लावली, भिंग लावले, तारा मोजल्या.

"जळलंय ते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "वास येतोय."

हा मीटर आता भंगार होता. असली वेटाळी बनवणारे लोक संपले होते, आणि असले मीटर वापरणारा कारखानाही उरला नव्हता. मीटरसाहेब भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांनी कशाचे तापमान विचारले नाही, तेव्हा बायको खरोखर घाबरली. फ्रिजचा तक्ता तिने स्वतः नव्याने आखून दारावर लावला. त्यांनी त्याकडे पाहिलेही नाही. मग ती खाली मोटरच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने मामा पलंगाशी येऊन उभे राहिले. हातात पाना होता.

"साहेब, काटा मी फिरवू का?"

"वेटाळी जळली आहे, मामा. आता तो कशानेच फिरत नाही."

"बोटाने फिरतो की."

मीटरसाहेब उठून बसले. बोटाने फिरवलेला काटा म्हणजे त्यांच्या शास्त्रात खून होता. पण सभेला अडीच आठवडे उरले होते. आणि सभेनंतर हा मीटर हातगाडीवर पडून जाताना पाहायचा, ही कल्पनाही त्यांना सोसवेना. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून काट्याची केसासारखी बारीक स्प्रिंग स्वतःच्या चिमट्याने काढून टाकली. आता काटा नेऊन ठेवावा तिथे राहू लागला, आणि मीटर ‘दुरुस्त’ होऊन पुन्हा प्रवेशद्वाराशी लागला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, दुपारी आणि संध्याकाळी मामा पाइप ठोकायचे, प्रवेशद्वारात कुणी नाही असे पाहून काच उघडायचे आणि काटा सरकवायचे. मीटरसाहेबांना राहवेना. ते गुपचूप गच्चीवर जाऊन काठी बुडवून पाहू लागले. मामा म्हणाले सहा फूट दोन इंच, काठीवर ओल सहा फूट दोन इंचांवर. मामा म्हणाले पावणेपाच, काठी म्हणाली पावणेपाच. अकरा दिवसांच्या नोंदी झाल्या. कुठेही बोटभराचासुद्धा फरक नव्हता. एवढा चांगला जाणणारा भाग त्यांनी चौतीस वर्षांत हाताळला नव्हता, आणि तो कसा चालतो हे विचारले तर स्वतः तो भागही "ऐकू येतं" एवढेच सांगत होता.

फक्त एका गोष्टीने ते अस्वस्थ झाले. सकाळी काठी साडेतीन सांगत होती आणि खाली काटा पाचवर होता.

"मामा, साडेतीन आहे."

"माहितीय."

"मग पाच का लावलंत?"

"तीन पाहिलं की लोक बादल्या भरतात. पाच पाहिलं की अंघोळ करून कामाला जातात." मामांनी काच लावली. "आठ लावलं तर नळ उघडा ठेवून गप्पा मारतात. सकाळी पाच बरं."

"पण हे खोटं आहे."

"पाणी पुरतंय ना, साहेब?"

पाणी पुरत होते. अठरा वर्षांत पुरले नव्हते इतके. मोटर पुन्हा दिवसातून दोनदाच लागत होती, अध्यक्षबाई दोन्ही डोळे उघडे ठेवून हिंडत होत्या आणि जाता-येता मीटरसाहेबांना नमस्कार करत होत्या. ‘विनाकारण पाहू नये’ची पाटी उतरली आणि तिथे ‘सौजन्य’ असे लिहून मीटरसाहेबांचे नाव लागले. आयुष्यभर खरे दाखवणाऱ्या यंत्रांखाली कुणी त्यांचे नाव लिहिले नव्हते. ते पाटीसमोरून मान खाली घालून जाऊ लागले.

सभा रविवारी सकाळी प्रवेशद्वारातच भरली. काटा सातवर होता. अध्यक्षबाईंनी मीटरचे कौतुक केले आणि टाळ्या झाल्या. मग वकील उठले.

"माझी शंका होती, ती मी मागे घेतो," ते म्हणाले. "यंत्र उत्तम आहे. माझं म्हणणं असं की, इतकं अचूक यंत्र असताना मोटर चालवायला वेगळा माणूस कशाला? याला एक स्विच जोडा. काटा खाली आला की मोटर चालू, वर गेला की बंद. मामांना या महिन्यानंतर मोकळं करता येईल."

लोकांनी माना डोलावल्या. मामा दाराशी भिंतीला टेकून उभे होते. मीटरसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. माणूस आता तरी काही बोलेल, असे त्यांना वाटले. पण मामांची त्या दिवसाची वाक्ये संपलेली दिसत होती. ते नुसते पान्याकडे पाहत होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मीटरसाहेबांना झाले. गप्प राहिले तर मीटर भिंतीवर, खाली त्यांचे नाव, आणि मामा रस्त्यावर. बोलले तर मीटर भंगारात आणि आपणही त्याच्याबरोबर गेल्यासारखेच. घरी बायको आहे, फ्रिज आहे आणि जिना आहे. त्यांनी एकदा पितळी कडेकडे पाहून घेतले आणि ते उभे राहिले.

"मीटर बंद आहे," ते म्हणाले. "अडीच आठवडे झाले. काटा मामा बोटाने फिरवतात, पाइप ऐकून. टाकीत मी होतो तेव्हाही मीटरला कळलं नाही, मामांना कळलं. मी लपवलं. चूक माझी आहे."

वकील पुढे झाले, त्यांनी काच उघडली आणि काट्याला बोट लावले. काटा सातवरून घरंगळत दोनवर गेला.

"अगं बाई, दोनच?" मागून एक बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून जिन्याकडे धावल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी गेल्या. मग पहिल्या मजल्यावरचे अख्खे कुटुंब गेले. वरून बादल्यांचे आवाज येऊ लागले. वकील स्वतःच काटा हलवून उभे होते, तरी त्यांचाही एक पाय पायरीवर गेला होता.

अध्यक्षबाईंनी क्षणभर हे पाहिले. मग पुढे होऊन त्यांनी काटा पुन्हा सातवर आणून ठेवला. "सात आहे," त्या शाळेतल्या आवाजात वर ओरडल्या. नळ बंद झाले आणि लोक एकेक करून खुर्च्यांवर परतले. चष्मा लावून बाईंनी सभेचा ठराव स्वतःच्या हाताने लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: "मीटर बंद असूनही समाधानकारक चालत असल्याने तो आहे त्याच स्थितीत ठेवावा. त्याची दुरुस्ती करू नये. तो मामांनी चालवावा. मामा रजेवर असताना मीटरसाहेबांनी मामांचे काम पाहावे."

ठराव एकमताने मंजूर झाला. मीटरसाहेब घरी येऊन बराच वेळ फ्रिजला टेकून उभे राहिले. त्यांचा मीटर वाचला होता, तो चालत नव्हता म्हणून.

पुढच्याच महिन्यात मामा तीन दिवस मुलीकडे गेले. रविवारी सकाळी पावणेसहाला मीटरसाहेब मोटरच्या खोलीत पाना घेऊन उभे होते. त्यांनी पाइप ठोकला आणि कान लावला. नुसता टण्ण आवाज आला. पुन्हा ठोकला. पुन्हा टण्ण. स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली, पाण्याचे काही कळले नाही. गच्चीवर काठी घेऊन जावे तर गुडघ्यांनी आदल्या दिवशीच जबाब दिला होता. वर दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षबाईंच्या न्हाणीघराचा दिवा लागला. मीटरसाहेबांनी पाना काखेत मारला. त्यांनी खिशातून फोन काढला.

"मामा, झोपेतून उठवलं. काही कळत नाही हो."

"फोन पाइपला लावा," मामा जांभई देत म्हणाले. "डावीकडे. सांध्याच्या जरा वर. हं. आता ठोका. हळू ठोका, साहेब, दार नाही ते."

मीटरसाहेबांनी हळू ठोकले.

"साडेचार," फोन म्हणाला. "पण सहा लावा. आज रविवार आहे, लोक उशिरापर्यंत अंघोळी करतात. पाच लावलंत तर घाबरतील."

मीटरसाहेब प्रवेशद्वारात आले, काच उघडली आणि काटा बोटाने सहावर नेऊन ठेवला. किंचित पुढे गेला होता, तो परत केसभर मागे घेतला. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून अध्यक्षबाई जिन्यात आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"किती आहे हो?"

जाणणारा तिकडे मुलीच्या घरी पुन्हा आडवा झाला होता. पोचवणारा खिशात होता. मीटरसाहेब काच लावून मीटरशेजारी ताठ उभे राहिले.

"सहा," त्यांनी दाखवले.